न छापलेला आलेख

बडोदे,
१२ जानेवारी २०२५

प्रिय मोहना,

तुझा पत्ता तुझ्या आईंकडून घेतला. त्यांनी तो दारातच उभ्या उभ्या एका चिठोऱ्यावर लिहून दिला. आत या म्हणाल्या नाहीत. तू माझा नंबर बंद केला आहेस आणि मेलला उत्तर नाही, म्हणून हे टपालानं. हैदराबादला पत्र किती दिवसांत पोचतं कोण जाणे.

कामाचंच लिहिते. तुझी सात नंबरची वही सापडत नाहीये. २०२३च्या जुलैची पानं हवी आहेत. अडुळशाच्या अर्कात बनवलेले चांदीचे नॅनोकण तू तीन वेळा धुऊन घेतले होतेस आणि मग पेशींवर टाकले होतेस, तो प्रयोग. वही विभागातच ठेवून गेली होतीस ना? माझ्याकडे आता मिताली म्हणून नवी मुलगी आली आहे, तिला तुझी धुण्याची पद्धत बघायची आहे. तिचे आकडे जरा विचित्र येताहेत. नवी आहे, होतं असं. तुझ्या हाताला सफाई होती, हे मी नेहमीच म्हणत आले.

आपल्या शोधनिबंधाची बातमी ऑक्टोबरमध्ये इथल्या गुजराती पेपरात आली, तुला कुणी पाठवली असेल. ‘अरडूसीनां पान अने चांदी, केन्सर पर वडोदरानी शोध.’ अडुळसा, चांदी आणि कॅन्सर, सगळं एका ओळीत. मथळा माझा नाही. मी त्या वार्ताहराला स्पष्ट सांगितलं होतं की हे काम काचेच्या ताटलीतल्या पेशींवरचं आहे, माणसावरचं नाही. त्यानं ते वाक्य शेवटी टाकलं आणि पानात जागा नव्हती म्हणून ते उडालं.

दत्ताकाकांची, म्हणजे माझ्या दादाची, तब्येत आता बरी आहे. हे तुला माहीत नसेल. दादाचं ऑक्टोबरमध्येच मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. गाठ कॅन्सरची निघाली, पण पूर्ण काढली. आता खबरदारी म्हणून केमो, दर तीन आठवड्यांनी सोमवारी, एकूण आठ. दोन झाले, तिसरा तीस डिसेंबरला झाला असेल. त्रास होतो म्हणतो. गार काही हातात धरवत नाही.

त्यानं त्या बातमीचं कात्रण प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं आहे. भेटेल त्याला दाखवतो. तुला आठवतं, तो एकदा विभागात आला होता आणि तू त्याला दाखवलं होतंस? चांदीच्या क्षाराच्या पाण्यात पानांचा अर्क टाकला आणि तासाभरात पाणी चहाच्या रंगाचं झालं. तू म्हणालीस, “काका, यात आता चांदीचे इतके बारीक कण आहेत की एका केसाच्या जाडीत हजारभर मावतील.” तेव्हापासून तो तुझा भक्त आहे. ‘आपलं औषध’ म्हणतो त्याला. मला एकदा मागितलंही. मी नाही म्हटलं. विषय संपला.

वहीचं तेवढं कळव.

निरुपमा

•

बडोदे,
२ फेब्रुवारी २०२५, रविवार

प्रिय मोहना,

तुझं उत्तर नाही. वही सापडली, माझ्याच कपाटात होती. तेव्हा त्यासाठी आता लिहीत नाहीये.

आज सकाळी नागरवाड्यात दादाकडे गेले होते. दादा चालायला बाहेर पडला होता. वहिनी खुशीत होत्या. म्हणाल्या, “निरूताई, आता किती छान जेवतात. हातापायांच्या मुंग्या गेल्या. काल स्टीलच्या पेल्यातून गार पाणी प्यायले.”

मी म्हटलं, “मग पुढचं इंजेक्शन कधी?”

“पुढचं कुठलं? दोन झाली तेवढीच. आता तुमच्या औषधावर आहेत ना ते. तुम्हीच बंद करायला सांगितलंत म्हणाले.”

वहिनींनी चहा टाकला होता. तो घेतला, कप विसळून ठेवला आणि दादा यायच्या आत निघाले. रस्त्यात दिसला. खंडेराव मार्केटकडून येत होता, हातात मेथीची जुडी, उन्हात डोळे बारीक केलेले. मी रिक्षा थांबवली नाही.

तीस डिसेंबर आणि वीस जानेवारी, दोन तारखा चुकल्या. म्हणजे नऊ डिसेंबरनंतर काहीच नाही. मी हिशेब परत परत करते आहे.

वहिनींचा काहीतरी गैरसमज झाला आहे. मी केमो बंद करायला कधीच सांगितलं नाही. उलट प्रत्येक वेळी बजावलं. मी त्याला काहीच दिलं नाही असं नाही, पण जे दिलं ते औषध नव्हे, आणि ते इथे लिहिण्यासारखंही नाही.

मोहना, तू दादाला एक फोन करशील का? नंबर तोच आहे. माझ्याशी बोलताना त्याला समोर धाकटी बहीण दिसते. तुझं तो ऐकेल. त्याला एवढंच सांग की ते काम अजून ताटलीतच आहे. बाकी काही सांगायची गरज नाही.

माझ्यावरचा राग यात आणू नकोस, एवढं मागते.

निरुपमा

•

बडोदे,
४ फेब्रुवारी

मोहना,

परवाचं पत्र स्पीड पोस्टानं टाकलं आणि पावती हातात घेऊन तिथेच उभी राहिले. अर्धंच लिहिलं होतं. तुला फोन करायला सांगते आणि काय झालं ते सांगत नाही. तू नेहमी म्हणायचीस तसं, पद्धत न लिहिता निष्कर्ष.

तर पद्धत लिहिते.

बावीस डिसेंबरला दादा माझ्याकडे आला. दुपारी, एकटा. दुसऱ्या केमोनंतरचे दिवस. हातात लोकरीचे मोजे होते. माझ्या घराच्या लोखंडी फाटकाला हात लावताना पदर धरतात तसा शर्टाचा काठ मध्ये धरला त्यानं. आत येऊन बसला आणि कात्रण समोर ठेवलं.

“निरू, मला ते दे.”

मी समजावलं. ताटली, पेशी, सगळं. म्हटलं, “दादा, उंदरावरसुद्धा झालेलं नाही अजून.”

“मग मला उंदीर समज.”

मी हसले. तो हसला नाही. म्हणाला, “बाईसाहेब जगाला औषध देणार आणि घरच्याला नाही. मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं का?” आणि मग रडला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, वीज मंडळात खांबावर चढून आयुष्य काढलेला. आई गेली तेव्हा मी त्याला रडताना पाहिलं होतं, त्यानंतर हेच.

त्याला चांदीचं पाणी देणं शक्यच नव्हतं, तेवढी शुद्ध शिल्लक होती. मी स्वयंपाकघरात गेले. कुंडीतल्या अडुळशाची पानं उकळली. रंग हिरवट आला, म्हणून त्यात कोरा चहा घातला. थोडा गूळ. गाळून विभागातल्या तपकिरी बाटलीत भरलं आणि चिठ्ठीवर माझ्या अक्षरात लिहिलं, ‘दोन चमचे, जेवणानंतर.’

त्यानं विचारलं, “यात चांदी आहे ना?”

मी म्हटलं, “आहे.”

मी अट घातली होती की केमोची एकही तारीख चुकवायची नाही. तो हो हो म्हणाला. मला वाटलं, निरुपद्रवी काढा आहे, मनाला उभारी येईल, उरलेले सहा डोस निभावून नेईल. असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं सांगू? त्यानं ती बाटली दोन्ही हातांत धरली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला हवं होतं. आजवर कुठल्याच समितीनं माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

जानेवारीत बाटली दोनदा भरून दिली. तुला बारा तारखेला पत्र लिहिलं त्याच्या आदल्याच दिवशी दुसऱ्यांदा.

आता मला झोपेची गोळीही लागू पडत नाही आणि जागही धड नसते. वर्गात प्रकाशसंश्लेषण शिकवताना मध्येच थांबले. मुलं बघत राहिली.

निरुपमा

•

बडोदे,
१० फेब्रुवारी

मोहना,

गुरुवारी दादाला फोन केला. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून. त्यानंच आधी सुरुवात केली: “निरू, या वेळी मोठी बाटली भर. अर्धी मी डभोईच्या प्रतापसिंहला दिली. केमोच्या हॉलमध्ये शेजारच्या खुर्चीत असायचा. बिचारा चाळीस-एक्केचाळीसचा आहे, दोन लहान मुली. म्हटलं, घरचं औषध आहे, घे.”

मी म्हटलं, “भरते.” आणि फोन ठेवला.

काल रविवारी सकाळच्या बसनं डभोईला गेले. पत्ता दादाकडून बहाण्यानं काढला होता. हिरा भागोळ वेशीजवळ बी-बियाण्यांचं दुकान, वर घर. दुकान बंद होतं. जिना चढून गेले तर दार उघडंच. प्रतापसिंह खाटेवर बसून मुलीच्या वहीला पुठ्ठा घालत होता. केस गेलेले, भुवया गेलेल्या, पण आवाज खणखणीत. मी नाव सांगितलं तसा उठूनच उभा राहिला.

“बेन, तमे पोते आव्यां?” तुम्ही स्वतः आलात? मग बायकोला हाक मारून म्हणाला, “अगं, दत्तुभाईंच्या बहीण. औषधवाल्या.”

ती आतून धावत आली आणि माझ्या पाया पडली. मोहना, मी पाय मागे घेईपर्यंत पडलीसुद्धा. देवाच्या फळीवर आमच्या विभागाची तपकिरी बाटली होती. तिला कुंकू लावलं होतं.

मी बसले नाही. बसले असते तर पाणी आलं असतं, चहा आला असता, आणि मग जमलं नसतं. उभ्यानंच गुजरातीत सांगितलं. की बाटलीत अडुळसा, चहा आणि गूळ आहे. चांदी नाही. असती तरी उपयोग नव्हता, कदाचित अपायच झाला असता. मी हे भावाची समजूत काढायला केलं. तुम्ही डॉक्टरांचं सोडलंय का?

“एक तारीख गेली,” तो म्हणाला. “सत्तावीसची. उद्या पुढची आहे. जाऊ नये असं वाटत होतं.”

“जा. हात जोडते, जा.”

बायकोनं फळीवरची बाटली उचलली, मला वाटलं माझ्या अंगावर फेकते. ती मोरीत गेली. ओतल्याचा आवाज आला, मग बाटली घासल्याचा. बराच वेळ घासत होती.

प्रतापसिंह शिव्या देईल अशी माझी तयारी होती. त्यानं विचारलं, “दत्तुभाईंना सांगितलंत हे?”

“सांगणार आहे.”

“एटले नथी कह्युं,” तो म्हणाला. म्हणजे नाही सांगितलंत. आणि पुन्हा पुठ्ठा हातात घेतला. मुलगी कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. कुणी मला जा म्हणालं नाही. मीच निघाले.

बसमध्ये खिडकीशी बसून हिशेब करत होते की दादाशी बोलायला किती वाक्यं लागतील. डभोईत सात-आठच लागली होती. परक्या माणसापुढे माझं तोंड सरळ चाललं. बसमधून उतरल्यावर नागरवाड्याची रिक्षा मिळत होती. मी घरी आले.

आज तो प्रतापसिंह गेला असेल का हॉस्पिटलात? मला कळायचा मार्ग नाही.

निरुपमा

•

बडोदे,
१६ फेब्रुवारी

मोहना,

तू फोन केला होतास.

मला कळवायची गरज तुला वाटली नाही, आणि वाटावी असं मी काही केलेलंही नाही. तरी लिहिते, काल मला तुझा भयंकर राग आला होता. आज तेवढा नाही.

काल दुपारी गेले. दादा गॅलरीत बसला होता. हातात मोजे. फेब्रुवारीत बडोद्यात लोकरीचे मोजे कोण घालतं? ते बघूनच मला कळायला हवं होतं, पण मी पाठ करून आले होते आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं. अडुळसा, चहा, गूळ. ‘आहे’ म्हणाले ते खोटं. आणि बातमीतलंही खरं नाही. कण धुऊन घेतले की त्यांची ताकद जवळजवळ संपते. न धुता टाकले तर कॅन्सरच्या पेशी मरतात तशा चांगल्याही मरतात. पेशी मारत होती ती पाण्यात उरलेली, कण न झालेली चांदी. हे मोहनानं दीड वर्षापूर्वी आलेख काढून मला दाखवलं होतं. मी तो छापला नाही.

त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाला, “झालं?”

“हो.”

“मोहनाचा फोन गेल्या शनिवारी आला. तिनं पाच मिनिटांत सांगितलं. बाटलीत काय होतं तेसुद्धा. सोमवारी मी जाऊन सुई टोचून घेतली. तिथे प्रतापसिंह भेटला. तो म्हणाला, तुमच्या बहीण काल येऊन गेल्या.” दादानं मोजे काढले, बोटं उघडली-मिटली. “डभोई तीस किलोमीटर आहे, निरू. तुझ्या घरापासून हे घर चार.”

“दादा, मला भीती वाटत होती.”

“कशाची? मी मारलं असतं तुला?”

मी म्हटलं, तुझ्या नजरेतून उतरण्याची. तो समोरच्या तारेवरचे पारवे बघत राहिला. वहिनी आत भांडी घासत होत्या, त्यांनी नळ बंद केला.

“मला खोटं पाजलंस,” तो म्हणाला, “ते भाऊबहीण बघून घेऊ. मीच तुझ्या मागे लागलो होतो. डॉक्टरला न विचारता तारखा मीच बुडवल्या, ते तुझ्यावर ढकलत नाही. पण ती बाटली मी दुसऱ्या माणसाला दिली. माझ्या हातानं. दोन पोरींचा बाप आहे तो. माझ्या हातून खोटं वाटवलंस तू. त्याचं काय करायचं, सांग.”

त्यानं मोजे परत चढवले.

“तीन मार्चला माझ्याबरोबर चल. त्या हॉलमध्ये मी दहा जणांना कात्रण दाखवलंय. तिथे उभी राहून सांग.”

मी हो म्हटलं.

आता तुझ्याशी. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुझ्या हाताला सफाई होती हे मी नेहमीच म्हणत आले. तुझ्या प्रगतीच्या समितीपुढे मी काय म्हटलं ते तुला बाहेर बाकावर ऐकू आलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. मी म्हटलं होतं, “मुलगी कष्टाळू आहे, पण हात अस्वच्छ आहे, चांगल्या पेशी मेल्या त्या तिच्या हातानं मेल्या.” तुझ्याकडून तोच प्रयोग तीनदा करून घेतला होता आणि तिन्ही वेळा तेच आलं होतं. मला माहीत होतं. निबंधातून तुझं नाव काढलं तेव्हाही माहीत होतं. प्रकल्पाचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं, आणि मला मनापासून वाटत होतं की पुढच्या खेपेला जमेल, एकदा जमलं की मागचं कुणी विचारणार नाही. तू चौथ्या वर्षी पीएचडी टाकून गेलीस, तेव्हा मी लोकांना सांगितलं, लग्नाचं चाललंय.

मितालीचे ‘विचित्र’ आकडे म्हणजे तुझेच आकडे आहेत. हुबेहूब. मागच्या महिन्यात तिनं ते माझ्या टेबलावर ठेवले. ती तुझ्याहून भित्री आहे, काही बोलली नाही. नुसती उभी राहिली. म्हणून तुझी वही शोधत होते. ती तेव्हाच सापडली असती तर मी काय केलं असतं, हे आज मला सांगता येत नाही.

उद्या नियतकालिकाला निबंध मागे घेण्याचं पत्र पाठवते आहे. त्यात तुझा आलेख जोडायचा, तर तुझी सही लागेल. फॉर्म सोबत आहे. नाही केलीस तरी पत्र जाईल.

निरुपमा

•

बडोदे,
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय मोहना,

फॉर्म मार्चमध्येच मिळाला होता. सोबत ओळ नव्हती, सही होती. पोच द्यायला एवढा उशीर झाला.

निबंध जुलैत मागे घेतला गेला. नोटिशीत लिहिलं आहे की चांगल्या पेशींवरचा परिणाम लपवला होता, आणि ते दाखवणारं काम तुझं आहे. पूर्ण नावानिशी. तुझ्या आईंना एक प्रत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून दारातच वाचली, इंग्रजी सावकाश, बोट ठेवून. मग म्हणाल्या, “या, बसा.” मी बसले.

विभागात चौकशी चालू आहे. तोवर मला नवे विद्यार्थी घेता येणार नाहीत. मितालीला दुसऱ्या मार्गदर्शकांकडे दिलं. त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत चार खेपा घातल्या. शेवटी अकराव्या पानावर, बेसण्याच्या म्हणजे शोकसभांच्या जाहिरातींखाली पाच ओळी आल्या. जुनी बातमी मात्र फोनांतून अजून फिरते आहे. तिला कोण मागे घेणार?

दादाचे उरलेले सहा डोस मेअखेर पूर्ण झाले. जूनमध्ये स्कॅन केला. यकृतावर एक डाग आहे, वाटाण्याएवढा. मी डॉक्टरांना एकटी गाठून विचारलं, मधले नऊ आठवडे चुकले नसते तर? ते म्हणाले, “सांगता येत नाही. सगळे डोस वेळेवर घेणाऱ्यांनाही येतो, न घेणाऱ्यांनाही कधी येत नाही.” मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी मला दोष दिला असता तर घरी जाऊन रडता आलं असतं. हे असं अधांतरी ठेवलं. बाजारातून येताना, जिना चढताना, दात घासताना मी तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असते आणि तेच उत्तर येतं.

दादानं काही विचारलं नाही. डाग आहे म्हटल्यावर म्हणाला, “बरं, मग आता काय करायचं?” आता वेगळी औषधं आहेत, दर दुसऱ्या सोमवारी. डाग आकसला तर ऑपरेशन करतील.

तीन मार्चला मी गेले नाही. परीक्षेचं सुपरव्हिजन होतं. एप्रिलमध्ये विभागाची तपासणी होती. मेमध्ये कारण शोधायचीही गरज पडली नाही, कारण त्यानं पुन्हा कधी म्हटलंच नाही. वहिनी त्याला रिक्षानं न्यायच्या, आणायच्या. मी संध्याकाळी फोन करून ‘कसा आहेस’ विचारायचे. तो ‘बरा’ म्हणायचा.

काल मी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी साडेआठला नागरवाड्यात जाऊन उभी राहिले आणि वहिनींच्या हातून पिशवी घेतली. दादानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जिना उतरायला लागला.

लांब हॉल आहे. दोन्ही बाजूंना निळ्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा खांब. पंधरा-सोळा माणसं. प्रतापसिंहही होता. त्याच्या भुवया परत आल्या आहेत. त्याचे डोस संपलेत, पण कसल्याशा तपासणीला आला होता. मला ओळखलं, मान हलवली, दादाशेजारी स्टूल सरकवून दिलं. गाठ वाढलेली नाही म्हणाला, नक्की काय ते पुढच्या मार्चमध्ये कळेल.

परिचारिकेनं दादाला सुई लावली. त्यानं डोळे मिटून घेतले. मी घड्याळ बघत होते. पावणेअकरा झाले, अकरा झाले. मी म्हटलं, आता उठेन. मग म्हटलं, ही बाटली संपली की.

समोरच्या खुर्चीत पादरा गावची एक बाई होती, साठीची, शेजारी तिची सून. सून फोन घेऊन माझ्याजवळ आली. फोनवर तीच बातमी, माझा फोटो. “आंटी, आ तमे ज ने?” या तुम्हीच ना, तिनं विचारलं. “आम्ही हे दोन महिने शोधतोय. कुठे मिळतं?”

दादाचे डोळे मिटलेलेच होते. पण त्याचा मोकळा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झालेला मला दिसला.

मी उभी राहिले. सुनेलाच नाही, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं बोलले. आवाज फाटला. कोपऱ्यातला टीव्ही कुणीतरी बारीक केला. मी सांगितलं की ही बातमी चुकीची आहे आणि चूक माझी आहे. असं कुठलंही औषध मिळत नाही. ताटलीतल्या चांगल्या पेशीही त्यानं मरत होत्या आणि ते मी लपवलं. माझ्या विद्यार्थिनीनं ते शोधून काढलं होतं आणि मी तिलाच खोटं पाडलं. या हॉलमध्ये ज्यांनी त्या नावानं तपकिरी बाटली पाहिली, त्यात अडुळसा आणि चहा होता. तो मी माझ्या भावाला खोटं सांगून दिला. त्यानं दोन तारखा चुकवल्या. तुम्ही चुकवू नका.

एका म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. परिचारिका ट्रे घेऊन तशीच उभी होती. पादरा गावच्या त्या बाईनं खुर्चीतूनच विचारलं, रागानं नाही, रेल्वेची वेळ विचारावी तसं, “तो बेन, साची दवा क्यारे आवशे?” खरं औषध कधी येणार?

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. तीस वर्षं शिकवते आहे, मोहना. चारचौघांत हे वाक्य पहिल्यांदा बोलले.

मी खाली बसले. दादानं डोळे न उघडताच, मराठीत, फक्त मला ऐकू येईल असं म्हटलं, “निरू.”

“काय रे?”

“त्या खिडकीकडच्या तिघांना ऐकू गेलं नाही. पंख्याचा आवाज आहे तिथे.”

मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्यानं डोळे उघडले नाहीत. मग मी उठले, खिडकीपाशी गेले, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

निरुपमा